नऊचा ताळा

"काय करून राहिला रे?"

बाबा दारात उभे. एप्रिलची दुपार, कूलर धाडधाड चालू, वाळ्याचा ओला वास खोलीभर, आणि पलंगावर चादर अंथरून त्यावर मी अकरा हार्ड डिस्क ओळीनं मांडलेल्या. बाजूला सीडींच्या दोन बरण्या. हो, बरण्याच. आईनं लोणचं भरायचं सोडल्यापासून त्या रिकाम्या होत्या आणि सीडी त्यांत बरोबर बसतात.

"घरातला सगळा डेटा क्लाउडवर चढवतोय."

"म्हणजे कोणाच्या ताब्यात?"

"कंपनीच्या. त्यांचं डेटा सेंटर मुंबईत आहे."

"पोच देतात का?"

मी हसलो. हसायला नको होतं. बाबांनी नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एजी ऑफिसात, म्हणजे महालेखाकार कार्यालयात, चौतीस वर्षं काढली. ऑडिटवाला माणूस. दुसऱ्यांच्या दप्तरात बसून, समोर आलेला चहा न पिता (प्यायला तर मत बदलतं म्हणे), व्हाउचरवर हिरव्या पेन्सिलीनं टिक करत हयात गेली. २००७ साली निवृत्त झाले आणि त्या सवयीला घराशिवाय दुसरं काही उरलं नाही. विजेची बिलं, टेलिफोनची बिलं, गॅसच्या पावत्या, आमच्या प्रगतिपुस्तकांच्या पानापानांचे स्कॅन. स्कॅनर आणला तेव्हा मला वाटलं, चला, कागद कमी होतील. कागद तसेच राहिले आणि शिवाय फाइली झाल्या.

त्यात फोटो. बाबा दरवर्षी तान्ह्या पोळ्याला महाल भागात जाऊन मारबतीच्या मिरवणुकीतल्या पुतळ्यांचे फोटो काढतात. काळी, पिवळी, सगळे बडगे, कोणत्या बडग्याच्या गळ्यात कसली पाटी होती तेसुद्धा. ज्या गोष्टी शहर दरवर्षी हौसेनं बनवतं आणि हौसेनंच जाळून टाकतं, त्यांचं पंचवीस वर्षांचं दप्तर आमच्या घरी आहे. धाकट्या भावाच्या लग्नाचं चित्रीकरण तर पाच ठिकाणी. "एक प्रत असू दे" असं म्हणत प्रत्येकानं आपापली ठेवलेली.

हे सगळं इतकी वर्षं असंच पडून होतं, आणि पडूनच राहिलं असतं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आली नसती तर. चार तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी माणसांच्या अंगणातून वाहायला लागली. आमच्याकडे त्रिमूर्तीनगरात गच्चीवरचं पाणी जिन्यात आलं, एवढंच. पण अंबाझरी लेआउटमधल्या माझ्या मित्राच्या तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं. दोन दिवसांनी आम्ही गाळ काढायला गेलो. टेबलाखालच्या सीपीयूमधून त्यानं बोटांनी चिखल उपसला. त्याची बॅकअपची हार्ड डिस्कही होती की! त्याच टेबलाच्या खालच्या कप्प्यात. तो वेडावाकडा हसला आणि म्हणाला, "दोन कॉप्या होत्या ना बे. दोन्ही एकाच नदीत."

पीटर क्रोघ नावाच्या छायाचित्रकारानं रूढ केलेला एक नियम आहे, तीन-दोन-एक. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. माझ्या मित्राचं घोडं त्या शेवटच्या 'एक'वर अडलं होतं. माझंही तिथंच होतं, फक्त माझ्या घरात नदी आली नव्हती.

तरी हलायला मला एप्रिल उजाडला. आधी जमवाजमव. सगळ्यात जुनी डिस्क वीस जीबीची, रुंद पट्टीच्या केबलीची. ती लावायला जोडणी शोधत बर्डीच्या बाजारात दोन चकरा झाल्या. पहिल्या दुकानातल्या पोरानं ती डिस्क हातात घेऊन "हे काय आहे काका?" असं विचारलं तेव्हा मला एकदम वय झाल्यासारखं वाटलं. दुसऱ्या डिस्कनं टक्, टक्, टक् असा आवाज काढला आणि ती गेली. सीडींचं विचाराल तर बरण्यांमधल्या तीसेक सीडी वाचल्याच नाहीत. घरी बर्न केलेल्या सीडीत रंगद्रव्याचा थर असतो, त्याला ऊन नि उष्णता सोसत नाही, आणि आमच्या त्या बरण्या वीस मे महिने माळ्यावर होत्या. माळ्यावर मे महिन्यात काय होतं ते नागपुरातल्या माणसाला सांगायला नको. लोणचं टिकलं असतं, सीडी नाही टिकल्या.

सगळं मिळून सात टेराबाइटच्या थोडं वर भरलं. एकसारख्या फाइली शोधून काढून टाकणारा प्रोग्राम रात्रभर चालवला तर पावणेदोन-दोन टेराबाइट उडाले. उरले पाच पूर्णांक तीन. माझं गणित सोपं होतं. घरचं कनेक्शन शंभर एमबीपीएस. हे मेगाबिट असतात, मेगाबाइट नव्हेत. आठानं भागा, सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. म्हणजे पाच दिवस. मी जेवताना सगळ्यांना तसं सांगूनही टाकलं.

लागले सहासष्ट.

कारण 'अनलिमिटेड' या शब्दाला आपल्याकडे खाली बारीक अक्षरं असतात. आमच्या प्लॅनमध्ये महिन्याला ३.३ टेराबाइटनंतर वेग इतका पडतो की त्यापेक्षा डिस्क पिशवीत घालून मुंबईला जाऊन आलेलं बरं. वर चढवलेला डेटाही त्यातच मोजतात. त्यात मुलीचे व्हिडिओ, बायकोच्या ऑफिसच्या मीटिंगा, आईच्या मालिका. माझ्या वाट्याला महिन्याला जेमतेम अडीच यायचे. एप्रिलमधले अडीच संपले की मे महिन्याची वाट बघायची. रेशनवर साखर मिळावी तसा मी डेटा चढवत होतो. मग नवतपा लागला. दुपारी लाइट जायची, इन्व्हर्टरवर पंखा चालायचा पण कूलर नाही, आणि खोली इतकी तापायची की डिस्कचं तापमान दाखवणारा आकडा बघून मीच मशीन बंद करायचो. शेवटी रात्री अकरा ते सकाळी सात अशी पाळी लावली. बाबा सकाळी दूध घ्यायला उठायचे आणि माझ्या स्क्रीनवरचा टक्का एका वहीत लिहून ठेवायचे. मी सांगितलं नव्हतं. "अंदाज पाच दिवसांचा दिला होता तू," एवढंच एकदा म्हणाले.

ठेवायचं कुठं, हाही प्रश्न होताच. ढग कायमचे नसतात. गुगल फोटोजची फुकटातली अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली. क्रॅशप्लॅन या बॅकअपवाल्या कंपनीनं घरगुती गिऱ्हाइकांचं दुकान २०१८ मध्ये आवरलं, अमेझॉन ड्राइव्ह २०२३ च्या शेवटच्या दिवशी मिटलं. तेव्हा घरची प्रत मोडायची नाही हे आधीच ठरवलं. आणि सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे मी चार वर्षांपूर्वी शिकलो होतो, मोबाइलमधून एक फोल्डर उडवल्यावर तो ढगातूनही तेवढ्याच तत्परतेनं उडाला तेव्हा. आरसा घेऊन फिरलात म्हणून तुमचे दोन चेहरे होत नाहीत.

मोठे व्हिडिओ मी अमेझॉनच्या ग्लेशियर डीप आर्काइव्ह नावाच्या, क्वचितच लागणाऱ्या डेटाच्या गोदामात टाकले. तिथला हिशेब बाबांना समजावताना मजा आली. अमेरिकेतल्या दरपत्रकानं ठेवायला टेराबाइटला महिन्याला साधारण एक डॉलर. मुंबईतले दर त्याहून चढे. पण तेच इंटरनेटवरून घरी आणायचं तर टेराबाइटला नव्वद डॉलरच्या आसपास. एकशे ऐंशी दिवसांच्या आत पुसून टाकलं तरी उरलेल्या दिवसांचं भाडं लागणारच. आणि मागितल्याबरोबर मिळत नाही, बारा तासांपर्यंत थांबावं लागतं, स्वस्तातली रांग धरली तर अठ्ठेचाळीस.

"म्हणजे गोदामाची चावी बारा तासांनी मिळते," बाबा म्हणाले. "साठा तपासायला गेलं की असंच सांगायचे आम्हाला. किल्लीवाला रजेवर आहे, उद्या या."

फाइली कुलूपबंद करूनच पाठवल्या. आरक्लोन (rclone) नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते नावंसुद्धा सांकेतिक करतं. आईला ते भुलाबाईच्या गाण्यांनंतर वाटायच्या खिरापतीवरून समजलं. डबा बंद, वाजवून बघा, आत काय आहे ते ओळखा. फरक एवढाच की इथं कंपनीनं जन्मभर डबा वाजवला तरी ओळखता येणार नाही. आणि परवलीचा शब्दसमूह आपल्याकडून हरवला तर आपल्यालाही नाही. हे ऐकताच बाबांनी तो कागदावर लिहून घेतला, पाकिटावर सही केली आणि बँकेच्या लॉकरमध्ये आईच्या पाटल्यांशेजारी ठेवून आले.

१९ जूनला शंभर टक्के झाले. पहिला पाऊस पडून गेला होता. मी सगळ्यांसाठी संत्रा बर्फी आणली. बाबांनी वहीत टक्का लिहिला, खाली रेघ मारली आणि बर्फीचा तुकडा हातात धरून विचारलं, "बरोबर पोचलं हे कशावरून?"

मग मी त्यांना शा-२५६ सांगितलं. कितीही मोठी फाइल घ्या, तिच्यावर एक ठरलेली आकडेमोड करायची की चौसष्ट अक्षरांची एक ओळ निघते. आतला एक बिट जरी हलला तरी ती ओळ पार बदलून जाते. इकडे काढलेली ओळ आणि तिकडून परत आणलेल्या फाइलची ओळ जुळली की झालं.

"ताळा आहे हा," बाबा म्हणाले.

मी इतकी वर्षं चेकसम म्हणत होतो. शब्द घरातच होता.

"नऊचा ताळा तुम्हाला शिकवला नाही का शाळेत? आकड्यांची बेरीज करत करत एका आकड्यावर यायचं. गुणाकार बरोबर आला का ते कळतं. पण त्यात खोट आहे एक. पंचेचाळीसचे चोपन्न लिहिले तर दोन्हीची बेरीज नऊच. ताळा गप्प बसतो." आणि मग त्यांचे डोळे जरा चमकले. "पण जमाखर्चात फरक निघाला आणि त्याला नऊनं पूर्ण भाग गेला, की आम्ही ओळखायचो. कुठंतरी दोन आकडे एकमेकांच्या जागी बसलेत. चोपन्न वजा पंचेचाळीस, नऊ. एकाहत्तर वजा सतरा, चोपन्न. बघ करून."

मी करून बघितलं. दर वेळी नऊनं भाग जातो.

"तुझ्या ताळ्यात अदलाबदल पकडता येते?"

"येते."

"मग चांगला आहे. पण ताळा जुळला म्हणजे माल आहे, असं नाही. मी पावसाळा संपता संपता तपासणीला येतो."

मला वाटलं, गंमत करताहेत. भाद्रपद पौर्णिमेच्या सुमारास बाबा खरंच खुर्ची घेऊन माझ्या टेबलाशी बसले. फोल्डरांची यादी छापून मागितली. चौदा पानं झाली. संगणकानं काढलेले यादृच्छिक नमुने त्यांना नको होते ("ज्याची तपासणी त्यालाच निवडायला सांगायचं?"). हिरव्या पेन्सिलीनं पंचवीस टिका केल्या. त्या आणून दाखव म्हणाले. व्हिडिओंसाठी एक रात्र थांबावं लागलं. किल्लीवाला रजेवर. मी फाइलींची कुलपं उघडत होतो, ओळी जुळवत होतो, ते बाजूला वहीत लिहीत होते.

बावीस बरोबर. तीन आक्षेप. बाबांनी ते फुलस्केपवर, अर्धा समास सोडून, नीट लिहून दिले. समास माझ्या उत्तरासाठी.

पहिला आक्षेप, फाइल आढळली नाही. नाव होतं 'सौ.च्या माहेरच्या मुंजीचे सर्व फोटो मूळ प्रत खाडाखोड करू नये'. बाबांचीच शैली. विंडोजवर हे नाव सुखानं नांदत होतं. पण चढवण्याआधी मी कुलूपबंद प्रती एका लिनक्सच्या डिस्कवर बनवत होतो, आणि तिथं नावाला २५५ बाइटची मर्यादा. इंग्रजी अक्षर एक बाइट खातं. देवनागरीत प्रत्येक अक्षराला, मात्रेला, अनुस्वाराला तीन-तीन लागतात. त्यात सांकेतिक केलं की नाव आणखी लांबतं. फाइल गाळली गेली होती, आणि तसं लिहिलेलंही होतं, प्रोग्रामच्या नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, कुठंतरी चार हजाराव्या ओळीवर. मी तो लॉग उघडला नव्हता. शोधलं तर अशी एकशे बारा नावं निघाली. सगळी मराठी, सगळी बाबांनी ठेवलेली. समासात मी लिहिलं, 'चूक मान्य. दुरुस्त केली.' नावं आखूड केली, ते मात्र त्यांना फारसं रुचलं नाही.

दुसरा आक्षेप, फाइल आहे पण रिकामी. शून्य बाइट. ही मूळचीच तशी होती. कधीतरी सीडीवरून उतरवताना मी अर्ध्यात सोडलेली असणार. इमानदारीनं शून्य चढलं, इमानदारीनं शून्य परत आलं, ओळ तंतोतंत जुळली. गंमत म्हणजे जगातल्या कुठल्याही रिकाम्या फाइलची शा-२५६ ओळ एकच असते. बाबांना हे फार आवडलं. "सगळ्या रिकाम्या गोदामांची एकच पावती!" असं ते दिवसभर शेजाऱ्यांना सांगत होते. शेजाऱ्यांना काय कळलं देव जाणे.

तिसरा आक्षेप अजून उभा आहे.

ती फाइल आईची. वीसेक वर्षांपूर्वी तिनं भुलाबाईची गाणी जमवली होती. महालातल्या, इतवारीतल्या म्हाताऱ्या बायकांकडून, आणि काटोलकडच्या माहेरहून. पोरी महिनाभर घरोघरी गायच्या, मग कमी झाल्या, मग आमच्या गल्लीत एकही भुलाबाई बसेना तेव्हा आईनं वही केली. शेहेचाळीस पानं एका डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतली. पुस्तक काढायचं होतं, राहिलं. वही पुढं घर बदलताना गहाळ झाली. फाइल उरली.

फाइल परत आणली. ताळा जुळला. उघडली, तर पानभर पौंडाच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं, डोक्यावर दोन टिंबं घेतलेले यू. शेहेचाळीस पानं तशीच. सगळ्या भाषांची अक्षरं एकाच पद्धतीनं साठवणारं युनिकोड घरोघरी पोचण्याआधी श्रीलिपी, आकृती असे ज्याचे त्याचे फाँट होते आणि ज्याची त्याची मांडणी. फाइलमध्ये मुळात रोमन चिन्हंच असायची, फाँट त्यांच्यावर मराठीचा मुखवटा चढवायचा. मुखवटा हरवला की खाली हे. मूळ डिस्कवरची प्रतही अशीच दिसत होती. म्हणजे गेली कित्येक वर्षं आम्ही हे जपून ठेवलं होतं आणि कोणी एकदाही उघडलं नव्हतं.

बाबा बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. वहीत लिहिलं, 'साठा आहे. ओळख पटत नाही.'

कोणता फाँट ते शोधायला मला आठ दिवस लागले, मग रूपांतर करणारा प्रोग्राम. पानं मराठीत आली, पण लंगडत. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, दिसते तशी, आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. वेलांटी नंतर, रफार आधी. प्रोग्रामला दर ठिकाणी अदलाबदल करावी लागते आणि जोडाक्षरात तो गडबडतो. 'वर्षे'चे 'वषेर्' होतात. बाबा म्हणाले, "पंचेचाळीसचे चोपन्न."

आईनं छापील पानं घेतली, लाल पेन घेतला आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी बसली. ती वाचत नाही, गुणगुणते. रफार चुकलेला असला तर तिची चाल अडखळते आणि पेन खाली येतो. तिसऱ्या दिवशी चौथ्या पानावर ती थांबली. ओळ स्वच्छ होती, रूपांतराची एक चूक नव्हती. तिनं पुन्हा म्हटली. पुन्हा थांबली.

"इथं कोथिंबीर कोणी घातली?"

"म्हणजे?"

"सांबार आहे ते. आमच्याकडे कोण कोथिंबीर म्हणते? चालीतच बसून नाही राहिलं." मग तिला आठवलं. त्या वेळी शुद्धलेखन बघून देतो म्हणून एक सर पुढं आले होते. त्यांनी भाषा 'नीट' करून दिली होती, आणि आईनं विश्वासानं पुन्हा वाचलं नव्हतं.

वीस वर्षं आम्ही चुकीची प्रत जपत होतो. डिस्कवर, दुसऱ्या डिस्कवर, मुंबईत, कुलूपबंद. चौसष्ट अक्षरं प्रत्येक वेळी बरोबर जुळत होती.

मी बाबांना विचारलं, आता आक्षेप मिटवायचा का? वाचता तर येतंय.

"तुझी आई किती पानावर आहे?"

"अकराव्या."

"मग कसा मिटवणार? आणि दुरुस्त केलं की तुझा ताळा?"

"बदलणार. नवीन फाइल होईल ती."

"जुनी काढू नको," बाबा म्हणाले. "दोन्ही राहू दे. तारखा टाक." आणि वहीत 'प्रलंबित' लिहून पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

आतून आईचा आवाज आला. "अरे, सांबार केलं का तिथं? बाराव्या पानावर पण आहे बघ एक."